दागिन्यांसाठी सोन्याची शुद्धता कशी निवडावी? त्वचेच्या आणि आरोग्याच्या दृष्टीने माहिती

"डॉक्टर, बावीस कॅरेटचे सोने आहे, तरी कान चिघळतो. सराफाने फसवले का?" हा प्रश्न आमच्या दवाखान्यात लग्नसराईनंतर हमखास येतो. कोणाच्या कानाच्या पाळीतून पाणी येत असते, कोणाच्या गळ्याभोवती खाज सुटलेली असते, कोणाच्या अंगठीखालची कातडी सोललेली असते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सोने ही घराघरातली गोष्ट आहे. सांगलीत गाडगीळांची सराफी पेढी १८३२ साली सुरू झाली. खानापूर तालुक्यातील विटा आणि आसपासच्या गावांतील, तसेच खटाव-माण भागातील हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पोहोचली आहेत. त्यामुळे 'कस', 'तूट', 'डाख' हे शब्द इथल्या लोकांना नवे नाहीत. पण सोन्याच्या शुद्धतेचा आपल्या त्वचेशी काय संबंध आहे, हे मात्र फारसे कोणी समजावून सांगत नाही. दागिना घेताना भाव, घडणावळ आणि तूट यांचा हिशेब होतो. त्यात आरोग्याचाही हिशेब कसा धरावा, हे या लेखात पाहू.

कॅरेट म्हणजे नेमके काय?

सोन्याची शुद्धता २४ भागांत मोजतात. २४ पैकी किती भाग सोने आहे, तो आकडा म्हणजे कॅरेट. उरलेला भाग दुसऱ्या धातूंचा असतो.

- २४ कॅरेट : जवळजवळ शुद्ध सोने. वेढणी, नाणी आणि बिस्किटे यांसाठी. दागिन्यासाठी फार मऊ.
- २२ कॅरेट (९१६) : १००० भागांत ९१६ भाग सोने.
- १८ कॅरेट (७५०) : १००० भागांत ७५० भाग सोने.
- १४ कॅरेट (५८५) : १००० भागांत ५८५ भाग सोने.

हेच साध्या हिशेबात पाहू. १० ग्रॅमची साखळी २२ कॅरेटची असेल, तर तिच्यात साधारण ९.१६ ग्रॅम सोने आणि ०.८४ ग्रॅम इतर धातू असतात. तीच साखळी १८ कॅरेटची असेल तर इतर धातू अडीच ग्रॅम, आणि १४ कॅरेटची असेल तर चार ग्रॅमपेक्षा थोडे जास्त. म्हणजे १४ कॅरेटच्या दागिन्यात २२ कॅरेटच्या तुलनेत परक्या धातूचा वाटा जवळजवळ पाचपट होतो.

दुसरे धातू मिसळणे म्हणजे फसवणूक नव्हे. शुद्ध सोने इतके मऊ असते की त्याची अंगठी वाकते आणि त्यात बसवलेला खडा निसटतो. मजबुतीसाठी तांबे, चांदी आणि जस्त मिसळावेच लागते. किती मिसळले याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, कोणता धातू मिसळला?

त्रास सोन्याचा की सोबतच्या धातूचा?

बहुतेक वेळा दोषी सोने नसते. जगभरात धातूच्या ऍलर्जीचे सर्वांत मोठे कारण निकेल हा धातू आहे. घामातील क्षारांमुळे निकेलचे सूक्ष्म कण दागिन्यातून सुटतात आणि त्वचेत शिरतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना 'परके' म्हणून लक्षात ठेवते. पहिल्या वेळी काहीच होत नाही. पण ही नोंद एकदा झाली की पुढच्या प्रत्येक वेळी निकेल लागल्यावर एक ते तीन दिवसांत तिथे खाज, लाली, बारीक पुरळ आणि पाणी येते. ही ऍलर्जी सहसा आयुष्यभर राहते.

'इतकी वर्षे घालत होते, तेव्हा काही झाले नाही' असे अनेक जणी म्हणतात. तसे होऊ शकते. ऍलर्जी वयाच्या कोणत्याही टप्प्यावर सुरू होते. शिवाय पुरळ दोन दिवसांनी उठत असल्याने रविवारी लग्नात घातलेल्या दागिन्याचा त्रास मंगळवारी दिसतो आणि दोष त्या दिवशीच्या साबणाला किंवा जेवणाला दिला जातो.

ही ऍलर्जी स्त्रियांमध्ये जास्त दिसते, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे कान आणि नाक टोचणे. टोचलेल्या ताज्या जखमेत निकेल असलेली तार किंवा कुडी गेली, तर धातूचा थेट आतल्या ऊतींशी संबंध येतो. म्हणूनच युरोपीय देशांनी १९९४ साली दागिन्यांतील निकेलवर कायद्याने मर्यादा घातली, आणि टोचलेल्या भागात घालायच्या वस्तूंसाठी सर्वांत कडक नियम ठेवला.

निकेल कुठे असते?

- 'एक ग्रॅम सोन्याचे' आणि इतर मुलाम्याचे दागिने. आत तांबे किंवा पितळ, त्यावर अनेकदा निकेलचा थर, आणि वर सोन्याचे पातळ पाणी. पाणी उडाले की निकेल उघडे पडते.
- पांढरे सोने, म्हणजे व्हाइट गोल्ड. सोन्याचा पिवळा रंग घालवण्यासाठी त्यात निकेल किंवा पॅलेडियम मिसळतात. वर ऱ्होडियमचा चकचकीत मुलामा असतो. तो काही वर्षांत झिजतो.
- दागिन्याचे सुटे भाग. कुडीची फिरकी, साखळीचा हूक, स्प्रिंग, नथीची तार. दागिना सोन्याचा आणि फिरकी भलत्याच धातूची, हे बरेचदा घडते.
- दागिन्यांखेरीज : जीन्सचे बटण, पट्ट्याचे बक्कल, सेफ्टी पिन, घड्याळ, चष्म्याची दांडी.

नेहमीच्या पिवळ्या २२ कॅरेट सोन्यात सहसा तांबे आणि चांदी असते, निकेल नसते. म्हणून त्याने ऍलर्जी होण्याचा धोका कमी. 'कमी' म्हणजे शून्य नव्हे. खुद्द सोन्याचीही ऍलर्जी असू शकते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ साली सोन्याला 'वर्षातील ऍलर्जन' म्हणून जाहीर केले होते. पण चाचणीत सोन्याची ऍलर्जी दिसलेल्या अनेकांना प्रत्यक्ष दागिने घातल्यावर काहीच त्रास होत नाही.

ऍलर्जीच आहे हे कसे ओळखावे?

दागिन्याखाली दिसणारा प्रत्येक डाग ऍलर्जीचा नसतो. मला रोज दिसणारे प्रकार असे :

धातूची ऍलर्जी : दागिना जिथे टेकतो नेमके तिथेच खाज आणि पुरळ. कानाच्या पाळीच्या मागे फिरकीच्या आकाराचा गोल, मानेच्या मागे हुकाच्या जागी, बेंबीखाली जीन्सच्या बटणाच्या जागी. दागिना काढल्यावर एक-दोन आठवड्यांत कमी होते, घातल्यावर परत येते. कानही आणि बेंबीखालची जागाही खाजत असेल, तर निकेलचा संशय पक्का समजा.

साबण आणि ओल : अंगठीखालची कातडी लाल, भेगाळलेली किंवा सोललेली. भांडी घासताना, कपडे धुताना साबणाचे पाणी अंगठीखाली अडकते आणि तिथेच राहते. इथे सोने कितीही शुद्ध असले तरी फरक पडत नाही. काम करताना अंगठी काढणे आणि नंतर हात कोरडे करणे हाच उपाय.

गजकर्ण (बुरशी) : कडा उठलेल्या, गोलाकार पसरणारा आणि खाजणारा चट्टा. तो दागिन्याच्या रेषेपुरता न राहता बाहेर पसरतो. घामाने कायम ओला राहणारा मंगळसूत्राचा दोरा हे बुरशीला आवडते ठिकाण. घरात आणखी कोणाला असा चट्टा असेल, तर बुरशीची शक्यता वाढते.

जंतुसंसर्ग : ठणका, गरमपणा, सूज, पिवळा पू. ऍलर्जीत खाज जास्त, संसर्गात दुखणे जास्त. खाजवून खाजवून ऍलर्जीच्या जागी संसर्ग होणे, म्हणजे दोन्ही एकत्र असणे, हेही नेहमीचेच.

खात्री करायची असेल तर त्वचारोगतज्ज्ञ 'पॅच टेस्ट' करतात. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवून ४८ तास ठेवतात आणि त्यानंतर साधारण दोन वेळा त्वचा पाहतात. सुई टोचावी लागत नाही. रक्ताच्या चाचण्यांचे महागडे 'ऍलर्जी पॅकेज' या आजारात उपयोगी पडत नाही, कारण या ऍलर्जीची यंत्रणा वेगळी आहे. त्यावर पैसे घालवू नका.

सोने घातल्यावर कातडी काळी का होते?

'काळे पडले म्हणजे सोने खोटे' हा समज जवळजवळ प्रत्येक घरात आहे. तो पूर्ण खरा नाही. इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली : सोन्यातील तांबे आणि चांदी घामाशी, हवेतील गंधकाशी संयोग पावून काळपट होतात आणि तो काळपटपणा अंगाला लागतो. कमी कॅरेटमध्ये हे जास्त होते.

दुसरी : चेहऱ्याची पावडर आणि सनस्क्रीन यांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे कठीण कण असतात. ते सोन्यावर घासले की सोन्याचे अतिसूक्ष्म कण निघतात, आणि इतके बारीक सोने पिवळे न दिसता काळे दिसते. चांगल्या २२ कॅरेटच्या सोन्यानेही हे होते. हे दोन्ही प्रकारचे काळे डाग पुसले की जातात आणि त्यांनी अपाय होत नाही.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. मानेच्या मागे आणि बाजूने कातडी काळी, जाड आणि मखमलीसारखी झाली असेल आणि धुऊनही जात नसेल, तर तो दागिन्याचा डाग नाही. याला ऍकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीरात इन्सुलिनचा परिणाम नीट होत नसल्याची ही खूण असते. असाच काळेपणा काखेत आणि जांघेतही दिसतो. वजन वाढलेल्या, घरात मधुमेह असलेल्या, पाळी अनियमित असलेल्या तरुण मुलींमध्ये हे अनेकदा दिसते. घरचे मुलीला 'मान घासून धू' म्हणतात, साखळी बदलून देतात, गोरे करणारी क्रीम आणतात. वर्षे जातात. खरी गरज असते उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासण्याची, वजन आणि कमरेचा घेर मोजण्याची. सोन्याच्या कॅरेटची चौकशी करण्याआधी ही तपासणी करून घ्या. मधुमेह होण्याआधीच तो टाळण्याची संधी अशा वेळी हातात असते.

कोणत्या दागिन्यासाठी कोणते सोने?

टोचलेल्या जागेत जाणारे दागिने (कुडी, टॉप, बाळी, चमकी, नथ, बुगडी) : इथे शुद्धतेबाबत तडजोड करू नका. २२ कॅरेट पिवळे सोने घ्या, आणि टोचलेल्या छिद्रातून जाणारी दांडी व फिरकीही त्याच सोन्याची आहे ना, हे विचारा. खड्याची चमकी किंवा हिऱ्याची कुडी सहसा १८ कॅरेटमध्येच मिळते, कारण खडा घट्ट धरायला कठीण धातू लागतो. अशा वेळी पिवळ्या रंगाचे १८ कॅरेट घ्या, पांढरे टाळा. पांढराच दागिना हवा असेल तर प्लॅटिनम, किंवा निकेलविरहित असे बिलावर लिहून दिलेले पांढरे सोने.

रोज अंगावर राहणारे दागिने (मंगळसूत्र, साखळी, अंगठी, पाटल्या) : २२ कॅरेट उत्तम. अंगठी वाकते म्हणून १८ कॅरेट घ्यावीशी वाटली तर हरकत नाही, मात्र आधी निकेलचा त्रास झालेला नसावा. मंगळसूत्राच्या वाट्या सोन्याच्या असतात, पण मणी ओवलेली तार आणि मागचा हूक कशाचा आहे ते पाहा. मानेमागे खाज सुटणाऱ्या अनेकींचे कारण त्या हुकातच सापडते.

कार्यक्रमापुरते घालायचे दागिने (ठुशी, वज्रटीक, साज, मोठे हार) : काही तासांपुरते घालायचे असल्याने १८ कॅरेट, किंवा मुलाम्याचेही चालतात, जर तुम्हाला ऍलर्जी नसेल तर. ठुशी आणि वज्रटीक गळ्याला घट्ट बसतात, घाम अडकतो. घरी आल्यावर लगेच काढा, गळा धुऊन कोरडा करा.

१४ कॅरेट : अलीकडे सोन्याच्या भावामुळे याकडे कल वाढतो आहे. त्वचा सोशिक असेल तर हलक्या वजनाच्या दागिन्याला हरकत नाही. इसब असलेल्यांनी, पूर्वी पुरळ उठलेल्यांनी आणि टोचलेल्या जागेसाठी कोणीही ते घेऊ नये, असे मी सांगतो.

बजेट कमी असेल तर काय? मोठा मुलाम्याचा दागिना रोज वापरण्यापेक्षा अर्ध्या ग्रॅमची खरी सोन्याची तार कानात घालणे त्वचेसाठी चांगले. आपल्या आज्या लहान मुलींच्या कानात सोन्याची साधी तार घालून ठेवायच्या, त्यामागे हाच व्यवहार होता.

हॉलमार्क पाहताना

भारतात १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात : बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा (उदा. २२ कॅरेटसाठी ९१६), आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. सांगलीचा सराफ कट्टा असो की साताऱ्याचा मोती चौक, दुकानातच 'बीआयएस केअर' हे ऍप मोबाइलवर उघडून क्रमांक टाकून पाहा.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणजे चमकी, बाळी, लहान मुलांचे डूल हे नेमके टोचलेल्या जागेत जाणारे दागिने अनेकदा हॉलमार्कशिवाय विकले जातात. अशा वेळी ओळखीच्या सराफाकडून घ्या आणि बिलावर कॅरेट लिहून घ्या. दुसरे, हॉलमार्क सोने किती आहे ते सांगतो. उरलेला धातू कोणता ते सांगत नाही. '७५०' शिक्क्याचा पांढरा दागिना पूर्ण प्रामाणिक असूनही त्यात निकेल असू शकते. म्हणून 'यात निकेल आहे का?' हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारायला हवा.

बाळाचे कान टोचताना

आपल्याकडे काही घरांत बारशालाच कान टोचतात. माझा सल्ला थोडे थांबण्याचा असतो. राष्ट्रीय लसीकरणात धनुर्वाताविरुद्धची लस पेंटाव्हॅलंटमधून सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात दिली जाते. हे तीन डोस झाल्यावर, म्हणजे साडेतीन-चार महिन्यांनंतर कान टोचावेत. घरातल्या मोठ्यांना 'करू नका' म्हणण्यापेक्षा 'लसी झाल्यावर करू' म्हटले तर ते पटते, असा अनुभव आहे.

- टोचणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले, सुई नवी व निर्जंतुक, आणि तार २२ कॅरेट किंवा त्याहून शुद्ध सोन्याची असावी.
- पहिला दागिना पाळीतून निदान सहा आठवडे काढू नये.
- एक कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने दिवसातून दोनदा पुसा.
- डब्यातली हळद आणि तेल ताज्या जखमेत भरू नका. सांगलीची हळद स्वयंपाकात कितीही उत्तम असली तरी ती निर्जंतुक नसते, आणि काहींना तिचीही ऍलर्जी असते.
- लहान मुलांना सैल फिरकी नको. ती गळून तोंडात किंवा नाकात जाते. मुलाला अचानक ठसका लागून श्वासाला त्रास होत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

मोठ्या मुलींनी कानाच्या वरच्या, कुरकुरीत भागात टोचून घेण्याआधी विचार करावा. तिथल्या कूर्चेला रक्तपुरवठा कमी असतो. संसर्ग झाला तर तो लवकर आटोक्यात येत नाही आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. तिथे बंदुकीने टोचून घेऊ नका, आणि टोचल्यानंतर कान लाल होऊन ठणकू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरात कोणाला जखमेवर गाठीसारखे वण उठत असतील, तर टोचण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

दागिना घडवणाऱ्यांचे आरोग्य : केडीएम आणि गलाई

'केडीएम सोने' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पूर्वी डाख लावण्यासाठी सोन्यात कॅडमियम मिसळत, त्यावरून हे नाव पडले. कॅडमियम लवकर वितळते, सांधा शुद्धतेला फारसा बाधत नाही, म्हणून ते सोयीचे होते. पण तापवल्यावर निघणारा कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो. म्हणूनच आता हॉलमार्कच्या मानकांत कॅडमियमला जागा नाही. जुना केडीएम दागिना घालणाऱ्याला सहसा धोका नसतो, पण आज कोणी 'केडीएम आहे' हे गुण म्हणून सांगत असेल, तर तो गुण नाही.

गलाईच्या कामात सोने शुद्ध करण्यासाठी नायट्रिक ऍसिड वापरतात. त्यातून निघणारा तांबूस-तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो फसवा आहे. सुरुवातीला थोडा खोकला, डोळ्यांची जळजळ, आणि मग बरे वाटते. पण काही तासांनी, कधी रात्री झोपेत, फुप्फुसांत पाणी भरून दम लागू शकतो. घरचा माणूस गलाईच्या दुकानात काम करत असेल, तर हे त्याला फोनवर जरूर सांगा : धुराचा मोठा झोत नाकातोंडात गेला असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन निदान २४ तास देखरेखीखाली राहावे, आणि डॉक्टरांना 'ऍसिडचा धूर गेला' असे स्पष्ट सांगावे. कापडी रुमाल या वायूला अडवत नाही. धूर बाहेर खेचणारी चिमणी, उघडी हवा आणि योग्य फिल्टरचा मास्क लागतो. काम करणाऱ्याला महिनोन्‌महिने खोकला असेल तर छातीचा एक्स-रे, थुंकीची आणि फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी करून घ्यावी.

आपल्या गळ्यातील ९१६चा शिक्का इथल्याच कोणाच्या तरी श्वासाच्या किमतीवर मिळालेला नसावा, एवढी काळजी व्यवसायातील सर्वांनी घ्यायला हवी.

दागिना लगेच कधी काढावा?

शुद्धता कोणतीही असो, पुढील प्रसंगी क्षणभरही वाट पाहू नका :

- साप चावल्यास : चावलेल्या हाताच्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ; पायाला चावल्यास जोडवी आणि पैंजण. घोणस चावल्यावर सूज झपाट्याने चढते आणि अंगठी बोटाचा रक्तपुरवठा तोडते. दागिने काढा, हात-पाय हलवू नका आणि लगेच रुग्णालयात जा. ऊसतोडणी आणि भाताच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असावे.
- भाजल्यास, हात मोडल्यास किंवा मुरगळल्यास : सूज येण्याआधी काढा.
- गरोदरपणात अंगठी अचानक घट्ट झाली तर : शेवटच्या महिन्यांत थोडी सूज येते. पण हात आणि चेहरा अचानक सुजला, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. त्याच दिवशी तपासा. १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर थांबू नका.
- शस्त्रक्रियेआधी आणि एमआरआयआधी : 'मंगळसूत्र काढणे अशुभ' म्हणून काही जणी ते लपवतात. शस्त्रक्रियेतील विद्युत उपकरणांमुळे धातूच्या जागी भाजू शकते. मंगळसूत्र काढून घरच्यांच्या हातात द्यावे. हवे तर तोपर्यंत मनगटाला हळदीचा दोरा बांधा. पण तोही ऑपरेशनच्या बाजूला नको आणि परिचारिकेला विचारूनच.

अंगठी अडकली तर हात पाच-दहा मिनिटे वर धरा, गार पाण्यात बुडवा, तेल किंवा साबण लावून गोल फिरवत काढा. बोट निळे, बधिर किंवा पांढरे पडत असेल तर प्रयत्न थांबवून रुग्णालयात जा. तिथे अंगठी कापण्याचे साधन असते. कापलेली अंगठी सराफ पुन्हा जोडून देतो, बोट मात्र पुन्हा मिळत नाही.

पुरळ उठल्यावर काय करावे, काय करू नये

१. दागिना काढा. तो अंगावर ठेवून केलेला कोणताही उपचार फसतो. टोचलेली जागा ताजी असेल आणि पू असेल, तर मात्र दागिना काढण्याआधी डॉक्टरांना दाखवा. छिद्र वरून बुजून पू आत अडकू शकतो.

२. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवा. खाज फार असेल तर गार पाण्याची पट्टी ठेवा.

३. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मलम सांगितलेल्या दिवसांपुरतेच लावा.

४. मेडिकल दुकानातून स्वतःहून 'थ्री-इन-वन' मलम आणू नका. त्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे आणि जंतूंचे औषध एकत्र असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण गजकर्ण आत पसरत राहते, कातडी पातळ होते आणि मग महिनोन्‌महिने उपचार करावे लागतात.

५. दागिन्याला रंगहीन नेलपॉलिश लावणे किंवा हुकाला दोरा गुंडाळणे हे तात्पुरते उपाय आहेत. मुलामा निघाला की त्रास परत.

६. निकेलची ऍलर्जी ठरली असेल तर ती प्रत्येक डॉक्टरांना, विशेषतः दात किंवा हाडात धातू बसवणाऱ्यांना आधी सांगा.

थोडक्यात

टोचलेल्या जागी आणि रोज अंगावर राहील अशा दागिन्याला २२ कॅरेट पिवळे सोने, फिरकी-हुकासह. खड्यांच्या दागिन्याला १८ कॅरेट चालेल, पांढरे असेल तर निकेलची चौकशी करून. मुलाम्याचे दागिने काही तासांपुरते, आणि निकेलची ऍलर्जी असेल तर अजिबात नकोत. बिलावर कॅरेट, दागिन्यावर एचयूआयडी.

ताप, पसरणारी सूज, पू, कानाच्या वरच्या भागात ठणका, दोन आठवडे दागिना काढूनही न जाणारे पुरळ, किंवा मानेवरचा मखमली काळेपणा यांपैकी काहीही असेल, तर सराफाकडे नव्हे, आधी डॉक्टरांकडे या. येताना तो दागिना फिरकीसह सोबत आणा. निदानाला त्याची मदत होते.